अब्बांची वही आणि ‘घरचे’

रमजानच्या आधी घराची साफसफाई काढली, तेव्हा माळ्यावरच्या पेटीत अब्बांची वही सापडली. लांबट, लाल कापडी बांधणीची, किराणा दुकानात हिशेबाला वापरतात तसली. लहानपणी आम्हा भावंडांना तिला हात लावायची परवानगी नव्हती. अब्बांना जाऊन आता पंधरा वर्षं झाली. अडवणारं कुणी नव्हतं, तरीही वही उघडताना हात जरा थबकलाच.

अब्बा मिरजेला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. पगार बेताचा आणि शौक एकच, समोर बसून ऐकण्याचा. दर्ग्याच्या उरुसातली संगीत सभा, कव्वालीचे मुकाबले, मुशायरे, सांगलीला लागलेली नाटकं, गणपतीच्या मांडवातलं गाणं, जिथं जमेल तिथं ते जात. घरी परतले की कंदिलाच्या, पुढं बल्बच्या उजेडात वही काढून चार ओळी लिहीत, मगच आडवे होत. पहिली नोंद 1968 ची आहे, शेवटची 2003 ची.

वही हिशेबाची असल्यामुळे पानावर एका बाजूला ‘जमा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘खर्च’ छापलेलं. अब्बांनी ते खोडलं नाही. जमेच्या बाजूला काय ऐकलं ते : गायक कोण, तबल्यावर कोण, पेटीवर कोण, राग कोणता. खर्चाच्या बाजूला टांगा, चहा, पान, आणि त्याखाली ‘सोबत’ म्हणून बरोबर आलेल्यांची नावं. ‘सभा उशिरा सुरू. आधी मारवा, मग ठुमरी. तबलेवाल्याचा हात गोड. पहाटे भैरवी. सकाळी ड्यूटी.’ बस, एवढंच. कुठं कौतुकाचा पूर नाही.

उरुस चांद्र तारखेनं येतो, म्हणून इंग्रजी कॅलेंडरात तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. साधारण तेहतीस वर्षांत त्याची सगळ्या ऋतूंतून एक फेरी पूर्ण होते. अब्बांच्या वहीत ती फेरी दिसते. एका पानावर ‘पाऊस, कनातीखाली पाणी’, पुढं काही वर्षांनी ‘उकाडा फार’, त्याहून पुढं ‘थंडी, शाल विसरलो’. दर्गा तोच, रात्र मात्र दरवेळी वेगळी.

या वहीनं पहिला दणका मलाच दिला. आठ वर्षांची असताना अब्बांच्या मांडीवर बसून मी कव्वालीचा एक मुकाबला ऐकला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पेटीवाल्याची जरीची टोपी, पहाटेचा बशीतला चहा, सगळं डोळ्यांसमोर आहे. वहीत त्या रात्रीची नोंद सापडली : ‘सोबत धाकटा भाऊ व थोरला मुलगा. बेबीला गोवर, नेली नाही.’ बेबी म्हणजे मी! भाईजानने ती रात्र इतक्यांदा रंगवून सांगितली असणार की ती माझीच होऊन बसली. आठवण खोटं बोलते असं नाही, पण ती उसनी घेतलेली वस्तू परत करायला विसरते. लिहिलेलं असलं की हिशेब लागतो.

आपल्या मोठ्या माणसांनी हे ओळखलं होतं. मुशायऱ्याला जाणाऱ्या शौकिनाच्या घरी ‘बयाज’ असे, म्हणजे आवडलेले शेर टिपून ठेवायची वही. कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब (1855-1946) यांचं गाणं तबकडीवर आलं नाही. पण त्यांनी सांगितलेल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांनी उर्दूत लिहून घेतल्या, म्हणून खाँसाहेबांचं आयुष्य त्यांच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचलं. आमच्या मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (1872-1937) तबकड्या आहेत. पण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रात्ररात्र चाललेलं गाणं ऐकणाऱ्यांबरोबरच गेलं. दर्ग्याच्या आवारात खाँसाहेबांची कबर आहे आणि त्यांच्याच आठवणीत उरुसातली सभा भरते. अब्बांच्या वहीतली निम्मी पानं त्या सभेची आहेत.

अम्मीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही. म्हणून रोज असरनंतर मी तिला दोन-तीन पानं वाचून दाखवू लागले. ‘सोबत’च्या खाली पार्सल ऑफिसातले दोस्त, चुलते, मामू, शेजारचे मास्तर यांची नावं येत होती. आणि मधूनच, अकरा ठिकाणी, नुसतं ‘घरचे’.

“अम्मी, हे घरचे म्हणजे कोण?”

ती हसली. “घरचे म्हणजे मी, और कौन? तुझे अब्बा माझं नाव घेत नसत आणि मी त्यांचं. वहीत तरी कसं लिहितील?”

मी वही मिटून तिच्याकडे बघत राहिले. अम्मी कधी सभेला गेली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या घरात ‘ऐकणारे’ म्हणजे अब्बा, आणि अम्मी म्हणजे त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवणारी.

मग ती बोलायला लागली. तिचं माहेर सतारमेकरांच्या वस्तीत. दिवसभर कुणी ना कुणी तारा छेडून बघत असे, त्यामुळे तंबोरा लागला की नाही, हे तिला सातव्या-आठव्या वर्षीच कळत होतं. लग्नानंतर उरुसात ती दर्ग्याजवळ राहणाऱ्या खालाच्या घरी जायची आणि गच्चीवर बायकांमध्ये बसायची. तिथून फक्त कर्ण्याचा आवाज यायचा, गवयाचा चेहरा कधी दिसायचा नाही. “तुझ्या अब्बांनी माणसं पाहिली, मी नुसते आवाज पाहिले,” ती म्हणाली.

फक्त एकदा ती गच्चीवरून खाली उतरली. त्या रात्री एक बाई गाणार होत्या आणि अम्मीला त्यांना बघायचं होतं. बुरखा घालून ती बायकांच्या बाजूला जाऊन बसली. पाऊस होता, सभा रखडली होती, मधेच दिवे गेले. अंधारातच बाईंनी तंबोरे पुन्हा लावून घेतले आणि कर्ण्याशिवाय गायल्या. सगळी माणसं श्वास रोखून बसली होती, असं अम्मी सांगते.

“कोणत्या वर्षी?”

“वर्ष कुणाला ठाऊक! तू मांडीवर होतीस. सहा महिन्यांची. एकदासुद्धा रडली नाहीस.”

मी 1975 चं पान काढलं. ‘पाऊस. सभा उशिरा. बाईंचा मल्हार. सोबत घरचे.’ दिवे गेल्याचं अब्बांनी लिहिलेलं नाही. ते पुढं बसले होते. त्यांना कदाचित त्याचं काही वाटलं नसेल. त्या रात्रीची अर्धी हकीगत वहीत होती आणि अर्धी पन्नास वर्षं अम्मीजवळ होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मी शिसपेन्सिल घेतली आणि ‘घरचे’च्या पुढं लहान अक्षरात अम्मीचं नाव लिहिलं. खाली लिहिलं : ‘आणि बेबी, वय सहा महिने. दिवे गेले होते.’ अम्मीने विचारलं, “क्या लिखी?” मी वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. पदराने चष्मा पुसला आणि पुढचं पान वाच म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरात नवी वही सुरू झाली आहे. मुलं म्हणतात, फोनवर शूटिंग असतं की! असतं. पण चार महिन्यांपूर्वीचं शूटिंग किती जणांनी पुन्हा उघडून पाहिलं? आणि त्यात शेजारी कोण बसलं होतं ते दिसत नाही. ज्यांना अशी वही ठेवायची असेल, त्यांच्यासाठी आमचे चार नियम सांगते.

त्याच रात्री लिहायचं, चारच ओळी. ‘उद्या निवांत लिहू’ म्हटलं की राहिलंच. मुख्य कलाकाराचं नाव कुठंही मिळतं, म्हणून साथीला कोण होतं ते आधी लिहायचं. तिकीट चिकटवायचं, पण त्यावरची तारीख आणि ठिकाण पेनाने उतरवून. हल्लीच्या गुळगुळीत कागदावरची छपाई काही वर्षांत उडून जाते आणि फोनवरचं तिकीट तर फोन बदलला की गेलं. आणि चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा : जे जे गेले त्या सगळ्यांची नावं, बायकामुलांसकट, आणि प्रत्येकाची एक ओळ. धाकट्याने लिहिलं, ‘नाटकात झोप आली, वडा चांगला होता,’ तरी तेही राहू द्यायचं.

काही घरांत गाणं-बजावणं ऐकत नाहीत. त्यांच्याकडे बयान असतात, नातची मैफल असते, शाळेत मुलांचं किरात असतं. कोणती रात्र, कोण बोललं, मनाला काय लागलं आणि सोबत कोण होतं, हे तिथंही लिहिण्यासारखं आहेच.

अम्मीची अकरापैकी सात पानं भरून झाली आहेत. चारांचं तिला काही आठवत नाही. मागच्या वर्षी विचारलं असतं तर कदाचित आठवलं असतं.

तुमच्या घरातही कुणाच्या तरी वहीत किंवा गप्पांत एखादी ‘घरचे’ असेल. आज मगरिबनंतर तिच्याजवळ जरा बसा. वही नंतर आणली तरी चालेल.