स्कॅन केलं, आणि हार्ड डिस्क ठेवली दुकानातच

पावसाळा आला की चिपळूणच्या बाजारपेठेत प्रत्येकाचा एक डोळा आभाळाकडे आणि एक वाशिष्ठीकडे. माल वरच्या फळीवर चढवायचा, फ्रीजखाली विटा लावायच्या, गाडी उंचावर नेऊन ठेवायची, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण दप्तराचं काय, असं विचारलं की लोक हसतात. "आमचं सगळं स्कॅन झालंय हो!"

कुठे आहे? गल्ल्यामागच्या कॉम्प्युटरमध्ये. बॅकअप? त्याच टेबलाच्या खणातली हार्ड डिस्क. आणखी कुठे? "सीएंकडे आहे सगळं." सीएंचं ऑफिस कुठे? बाजारपेठेतच, तळमजल्यावर.

मग स्कॅन कशासाठी केलं, ते तरी सांगा.

२२ जुलै २०२१ कुणी विसरलेलं नाही. त्या दिवशी एसटी आगाराचे व्यवस्थापक नऊ लाखांची रोकड घेऊन तासन् तास बसच्या टपावर बसून होते. त्यांना सलामच. आपल्यापैकीही बऱ्याच जणांनी गल्ला वाचवला. दप्तर कुणी वाचवलं? आमच्या दुकानातल्या खरेदीच्या फायली तिसऱ्या दिवशी काढल्या तेव्हा त्यांची वीट झाली होती. पान सुटं करायला गेलं की हातात लगदा. विम्याचा सर्व्हेअर आला, म्हणाला स्टॉक रजिस्टर आणि खरेदी बिलं दाखवा. जीएसटी पोर्टलवर बिलाचे नंबर होते, रक्कम होती, टॅक्स होता. पण त्या बिलात माल कोणता आणि किती नग, हे तिथे दिसत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या सप्लायरना फोन करून डुप्लिकेट मागवत बसलो. काहींनी दिली, काहींनी फोन उचलणंच सोडलं. जेवढी बिलं दाखवता आली, तेवढ्याचाच क्लेम झाला. बाकीचा माल आम्ही जणू विकत घेतलाच नव्हता!

तेव्हापासून या विषयावर मी जरा जास्तच बोलतो, हे मान्य.

आता स्कॅनिंगवाल्यांबद्दल. पानामागे दर ठरवतात, पोरं बसवतात, चार दिवसांत गठ्ठे संपवतात आणि पेन ड्राइव्ह हातात देतात. उघडा तो. स्कॅन ०००१, स्कॅन ०००२, अशा हजारो फायली. त्यात मार्च २०२२ चं एखाद्या पार्टीचं बिल शोधून दाखवा. गठ्ठ्यात निदान दोरी सोडून वर्ष तरी कळायचं. फाइलचं नाव म्हणजे तारीख, पार्टी, बिल नंबर. एवढं टाइप करायला वेळ लागतो, पैसे लागतात, म्हणून तेवढंच कुणी करत नाही. आणि हस्तलिखित मराठी चलन सॉफ्टवेअर आपोआप वाचेल या भरवशावर राहू नका. नाव माणसानेच द्यावं लागतं.

वर हेच लोक सांगतात, "कागद रद्दीत घाला." अजिबात घालू नका! खरेदीखत, स्टॅम्पवरचा करार, चेक यांच्या मूळ प्रतीची जागा स्कॅन घेत नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं. थर्मल कागदाची बिलं मात्र ताबडतोब स्कॅन करा, ती वर्षभरात कोरी पडतात.

"आम्ही छोटे दुकानदार, आम्हाला कशाला एवढं?" हा तर ठरलेला प्रश्न. जीएसटीत नोंदणी आहे ना? मग कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपायचा आहे. आणि नियम ५७ वाचा एकदा. हिशेब इलेक्ट्रॉनिक असेल तर त्याचा बॅकअप असा हवा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत परत उभ्या करता येतील. चिपळूणकरांना नैसर्गिक कारण म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. खणातली हार्ड डिस्क या नियमात बसते का, तुम्हीच सांगा.

मोबाइलवाल्यांचंही तेच. जून २०२० मध्ये सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर होतं. ज्यांची बिलं फक्त त्या ॲपमध्ये होती त्यांची धावपळ आठवते ना? आता सगळं भाच्याच्या ईमेल खात्यावर असतं. भाचा गेला मुंबईला नोकरीला, पासवर्ड त्याच्या डोक्यात.

आमच्याकडे आता कॉम्प्युटरवर एक प्रत, दुकानाच्या स्वतःच्या खात्यावर क्लाउडमध्ये एक, आणि एक डिस्क पुण्याला मेहुण्यांकडे. दर महिन्याला बायको जुनं कुठलंही एक बिल मागते आणि मी ते शोधून द्यायचं. गेल्या महिन्यात सतरा मिनिटं लागली, बरंच ऐकून घेतलं.

व्यापारी मंडळाची पावसाळ्यापूर्वीची बैठक नेहमीप्रमाणे होईलच. नदीतल्या गाळावर बोला, भरपाईवर बोला, जरूर बोला. पण दप्तराच्या प्रती गावाबाहेर ठेवायची सोय सगळ्यांनी मिळून करायची का, हा विषय या वर्षी अजेंड्यावर घ्या. अध्यक्षांकडे मी लेखी पत्र दिलंय. आणि हो, त्याचा स्कॅनही ठेवलाय.