रिकाम्या पाळण्याचे विश्वस्त

'विश्वस्त' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? देवस्थानची कमिटी, शिक्षणसंस्थेचे लेटरहेड, संगमरवरी फरशीवर कोरलेली नावे आणि वार्षिक सभेतले शाल-श्रीफळ. विश्वस्तपद हा आपल्याकडे मान समजला जातो. ते काम आहे, हे फारसे कोणी ध्यानात घेत नाही. येथे ज्या विश्वस्तपदाविषयी लिहायचे आहे, त्याच्या वाट्याला मान तर नाहीच. उलट विषय काढताच लोक बिचकून बाजूला सरतात. पोटातच दगावलेले, जन्मतःच गेलेले किंवा पाचवी पुजण्याआधी डोळे मिटलेले मूल, आणि मागे उरलेले त्याचे आईबाप. या आईबापांना आधार देणारी संस्था चालवणे, हे ते काम होय.

असे दुःख विरळा आहे काय? मुळीच नाही. जगात दरवर्षी सुमारे २० लाख मुले मृत जन्माला येतात, आणि त्यांत सर्वांत मोठी संख्या आपल्या देशातली आहे. हे प्रमाण २०३० पर्यंत हजारी दहाच्या खाली आणण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०१४ च्या नवजात बालक कृती आराखड्यात ठेवले. आपल्या बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने आंतरराष्ट्रीय संशोधनात भाग घेऊन खेड्यापाड्यांतल्या बाळंतपणांची नोंद वर्षानुवर्षे ठेवली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत रुजवली. तिचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. मरण टाळण्याचे हे काम थोरच आहे. पण जे मरण टळले नाही, त्याच्यानंतर काय?

त्यानंतर आपल्याकडे फक्त गप्प बसणे असते. पुरुषमंडळी परस्पर मूल नेऊन पुरतात. आईला अनेकदा त्याचे तोंडही दाखवत नाहीत. 'बघितलंस तर जीव लागेल' म्हणतात. जीव काय बघितल्यावर लागतो? तो तर कधीचा लागलेला असतो. दोन-तीन दिवसांत पान्हा दाटतो, आणि प्यायला कोणी नसते. येणारेजाणारे 'देवाच्या मनात नव्हतं', 'पुढच्या वर्षी होईल' असे म्हणून चहा पिऊन जातात. पुढे ओटीभरणाला, बारशाला तिला बोलावणे टाळले जाते. बाप तर कोणाच्या हिशेबातच नसतो. त्याने रडायचे नसते आणि लगेच कामावर जायचे असते.

गंमत अशी, की या बाबतीत कायदा समाजाच्या पुढे गेला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने 'मूल' या शब्दात मृत जन्मलेले मूलही धरले, आणि गर्भपात झालेल्या नोकरदार स्त्रीस सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने मृतजन्माची नोंद आवश्यक केली. २०२२ साली केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी ६० दिवसांची खास रजा मंजूर केली. सरकारदप्तरी जे मूल 'मूल' ठरते, त्याचे नाव घरात काढायची मात्र चोरी! आणि सूप मांडीवर घेऊन घरी विड्या वळणाऱ्या बाईला तर रजा कोण देणार? तिच्या विड्यांच्या हिशेबात खंड पडला, एवढेच लिहिले जाते.

निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांनी संघटित होऊन दिलेल्या लढ्यावर छाया दातार यांचे पुस्तक १९८९ साली आले. मजुरीचा प्रश्न त्या बायकांनी स्वतः चव्हाट्यावर मांडला. हा प्रश्न मात्र उंबऱ्याआतच राहिला. मुंबईतल्या गरोदर स्त्रियांच्या एका अभ्यासात (२००६) मिश्री-तंबाखू वापरणाऱ्यांत मृतजन्माचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. आपल्या भागात मिश्री घराघरांत आहे. आता हे सत्य मूल गमावलेल्या बाईला कसे सांगायचे? पहिल्याच भेटीत सांगितले तर तो तिच्यावर आरोप होतो; कधीच सांगितले नाही तर पुढच्या बाळाचा विश्वासघात होतो. कोणी, कधी, कोणत्या शब्दांत सांगायचे, हे ठरवणे म्हणजेच विश्वस्तपण. तेथे शाल-श्रीफळ उपयोगी पडत नाही.

काही जण म्हणतील, 'घरचे दुःख घरात राहावे, संस्था कशाला?' प्रश्न रास्त आहे. पूर्वी घरात आजी, आत्या असत हेही खरे. पण 'पांढऱ्या पायाची' हा शब्दही त्याच घरांत जन्मला, हे विसरून कसे चालेल? ज्या घरात बोलायची सोय नाही, तेथल्या माणसाला बाहेर एक दार उघडे असावे लागते. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा 'येथे गुप्तपणे बाळंत व्हा' अशी हमी त्यांनी विधवांना दिली होती. तो प्रश्न वेगळा होता. पण आईची अब्रू आणि तिचे गुपित ही संस्थेकडे सोपवलेली ठेव आहे, हा धडा तोच. इंग्लंडमध्ये १९७८ साली मूल गमावलेल्या पालकांनीच पुढाकार घेऊन संस्था उभी केली. ती आज 'सँड्स' या नावाने काम करते.

मग अशा संस्थेच्या विश्वस्ताने करायचे काय? पहिले, पैशाचा चोख हिशेब. कारण हा पैसा दुःखी माणसांनी मुलाच्या आठवणीसाठी दिलेला असतो. दुसरे, देणगीच्या पत्रकावर कोणा आईचे नाव वा फोटो येऊ न देणे, मग देणगी कमी आली तरी चालेल. तिसरे, ऐकायला बसणाऱ्या स्वयंसेवकांना आधी शिकवणे आणि त्यांनाही विसावा देणे. दुसऱ्याचे रडे ऐकणाराही थकतो. चौथे, आपली मर्यादा ओळखणे. जिची झोप, अन्न तुटले आहे तिला डॉक्टरांकडे न्यावे किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक द्यावा. उपदेश करू नये. आणि मंडळावर हे सोसलेली एक तरी व्यक्ती असावी, तिच्या शेजारी हिशेब जाणणारा आणि अनुभवी परिचारिकाही असावी.

आपल्या सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. येथे कित्येकदा आई मराठीत रडते आणि कागद कन्नडमध्ये येतो. कधी याच्या उलट. भाषेवरून आपण पुष्कळ भांडलो. त्या वादात येथे शिरायचे नाही. पण दुःखाच्या वेळी माणूस आईच्याच भाषेत बोलतो, ही गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी.

विद्यार्थी मित्रांनो, या अंकाला मराठी आणि कन्नड असे दोन विभाग आहेत. दोन्ही विभागांतल्या चार-चार जणांनी एकत्र बसून, प्राध्यापकांच्या आणि एखाद्या परिचारिकेच्या मदतीने, एक साधे पत्रक लिहावे: मूल गेल्यावर शरीराचे काय होते, नोंद कोठे करायची, रजेचा हक्क कोणाला आहे, आणि भेटायला जाणाऱ्याने काय बोलू नये. ते प्रसूतिगृहांत ठेवावे. विश्वस्तपद उद्या मिळेल न मिळेल; त्याची उमेदवारी आजपासून करता येते.