स्मृती कोणाच्या हाती?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतो. त्याच राजवटीची मोडी कागदपत्रे मात्र जपणारा आणि वाचणारा असेल, तरच बोलतात. नोंद कोणाच्या हाती राहते, हा प्रश्न राज्यकारभारात म्हणूनच दुय्यम नसतो.

आज तो तंजावरच्या शिधावाटप दुकानात उभा आहे. तमिळनाडूने २०१७ पासून दिलेल्या शिधापत्रिकेला ‘स्मार्ट कार्ड’ म्हणतात. पण तिच्यात चिप नाही, क्यूआर कोड आहे. खरी नोंद सर्व्हरवर असते. गुंतवणूकदार मात्र ‘स्मार्ट कार्ड’ हा शब्द ऐकताच फ्लॅश मेमरी कंपन्यांच्या नफ्याचा हिशेब मांडू लागतात. तो दोन ठिकाणी चुकतो.

पहिली चूक मापाची. कार्डावरील चिपची साठवण किलोबाइटमध्ये मोजतात, मोबाइलची गिगाबाइटमध्ये. किओक्सिया, मायक्रॉन, एसके हायनिक्स यांच्या फ्लॅश मेमरीचे भवितव्य मोबाइल आणि डेटा सेंटर ठरवतात. कार्डाच्या चिप प्रामुख्याने इन्फिनिऑन, एनएक्सपी यांसारख्या वेगळ्या कंपन्या बनवतात आणि तेथे मोल साठवणुकीपेक्षा सुरक्षिततेला असते.

दुसरी चूक ग्राहक ओळखण्यातली. भारतात या बाजाराची दिशा सरकारी धोरण ठरवते. २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत कुटुंबाला तीस हजार रुपयांचे संरक्षण होते. बोटांचे ठसे आणि विम्याची शिल्लक चिपमध्येच असल्याने नेटवर्क नसतानाही रुग्णालयात कार्ड चालत असे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली आणि नोंद सर्व्हरकडे गेली. त्याच वर्षाअखेरपर्यंत चुंबकीय पट्टीची बँक कार्डे बदलून चिपची कार्डे देण्याचे रिझर्व्ह बँकेचे बंधन होते. एका निर्णयाने एक बाजार मिटला, दुसऱ्याने दुसरा उघडला.

सर्व्हरचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. त्यामुळे दुबार नावे सापडतात आणि स्थलांतरित मजुराला परराज्यातही धान्य मिळू शकते. परंतु जोडणी तुटली, की हक्काचा पुरावा दुकानदाराकडेही नसतो आणि कार्डधारकाकडेही. अखेरची अधिकृत नोंद कार्डावरील चिपमध्ये ठेवावी, जोडणी येताच ती सर्व्हरशी जुळवावी, एवढी तरतूद अशक्य नाही. वाहन परवान्यांसाठी आयआयटी कानपूर आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘स्कोस्टा’ हे खुले मानक तयार केले होते. एकाच पुरवठादाराच्या बंद प्रणालीत अडकणे टाळण्याचा तो मार्ग होता.

गुजरातेतील साणंद येथे मायक्रॉनचा २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये मंजूर झाला. खर्चाचा ५० टक्के भार केंद्राचा, २० टक्के राज्याचा. तो चिपची जुळणी आणि चाचणी यांसाठीचा आहे. कारखाने हवेतच. पण सार्वजनिक पैसा ओतणाऱ्या शासनाने स्वतःच्या निविदांत आणखी दोन गोष्टी लिहाव्यात : कार्डाचे मानक खुले असेल आणि त्याच्या सांकेतिक किल्ल्या पुरवठादाराकडे राहणार नाहीत. समभागांचे भाव वर-खाली होतील. दुकानाच्या रांगेतील बाईचे तांदूळ त्या दिवशीच्या नेटवर्कवर अवलंबून राहू नयेत.