प्रयोगशाळेतील खारे पाणी आणि गावचे खारे पाणी

मत्स्यशास्त्राचे विद्यार्थी पदवीसाठी जे प्रयोग करतात, त्यांत माशांची क्षारसहनशक्ती हा विषय वारंवार आढळतो. काचेच्या टाक्यांतील पाण्यात क्षारांचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवावयाचे, त्यांत रोहूची किंवा तिलापियाची बोटुकली सोडावयाची आणि 96 तासांत किती जगली, किती मेली याची नोंद ठेवावयाची, अशी ही सर्वसाधारण पद्धत होय. अशा संशोधनाचा शेतकऱ्यास उपयोग काय, असे पुष्कळ जण विचारतात. उपयोग निश्चित आहे. परंतु तो पदरात पडावयाचा, तर हे प्रयोग गावच्या पाण्यातही व्हावयास हवेत.

माशाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक-तृतीयांश असते. त्यामुळे गोड्या पाण्यात माशाच्या अंगात पाणी सतत शिरते व ते मूत्रावाटे बाहेर टाकावे लागते. समुद्रात याच्या उलट घडते. तेथील मासा पाणी पितो आणि जादा क्षार कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. या कामी जी शक्ती खर्ची पडते, ती वाढीच्या वाट्यातूनच जाते. म्हणून चार दिवस जगलेला मासा वर्षभरात विक्रीयोग्य होईलच असे नाही, आणि वाढलेल्या माशाची त्या पाण्यात वीण होईल असेही नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सर्व खारे पाणी सारखे नसते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात व त्यांचे परस्पर प्रमाण ठरलेले असते. जमिनीतून येणाऱ्या खाऱ्या पाण्याचे तसे नाही. हरियाणात रोहतक येथे केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेचे केंद्र अशा पाण्यावर काम करीत आले आहे. तेथील भूजलात पालाश कमी पडते, त्यामुळे कोळंबी नीट जगत नाही, आणि म्हणून तळ्यात पालाशयुक्त खत घालावे लागते. अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्टा किंवा सांगली-कोल्हापूरकडील क्षारपड जमिनी यांसाठी केवळ समुद्री मीठ विरघळवून काढलेला निष्कर्ष पुरेसा मानणे धोक्याचे आहे. चूक झाल्यास विद्यार्थ्याचा एक तक्ता बिघडेल. शेतकऱ्याचे मात्र बीज, खाद्य आणि हंगाम तिन्ही जातील.

ठरावीक मिश्रणाचे पाणी वापरल्याने निरनिराळ्या प्रयोगांची तुलना करता येते, असे अध्यापक म्हणतात व ते खरे आहे. तेव्हा ते प्रयोग चालू ठेवावेत. पण त्यांच्या शेजारी एक टाकी गावातून आणलेल्या पाण्याचीही असावी.

वीण आणि आनुवंशिकता यांनाही हाच न्याय लागू आहे. मोझांबिक तिलापिया 1952 साली भारतात आला. तो खाऱ्या पाण्यातही तगतो व वितो. पण त्याची वीण इतकी लवकर व वरचेवर होते की, तळी लहान माशांनीच भरून जातात. केवळ सहनशक्ती पाहून जात निवडू नये, हा त्यातील धडा होय. दिनांक 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाच्या साहाय्याने माशांची प्रेरित वीण यशस्वी केली आणि त्यातूनच पुढे बीजकेंद्रांचा मार्ग मोकळा झाला. परंतु केंद्रात मोजक्याच नर-माद्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज काढल्यास वंश दुबळा होतो. याउलट, 1992 पासून भुवनेश्वर येथे निवड पद्धतीने तयार झालेल्या ‘जयंती रोहू’ची वाढ दर पिढीस सुमारे 17 टक्क्यांनी सुधारली. म्हणून बोटुकली कोठली व कोणत्या वंशाची, हे लिहिल्याविना क्षारसहनशक्तीचा आकडा अपुराच राहतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील विहिरी व शेततळ्यांच्या पाण्याचे पृथक्करण करवून घ्यावे आणि ते जवळच्या मत्स्यमहाविद्यालयास कळवावे. शेतकरी बंधूंनीही संपूर्ण तळ्यात बीज सोडण्यापूर्वी वीस-पंचवीस बोटुकली त्याच पाण्यात जाळीच्या पिंजऱ्यात दोन आठवडे ठेवून पाहावी. नव्या पाण्याची सवय त्यांना हळूहळू करावी. किती जगली व किती वाढली, याची नोंद वहीत करावी. अशी नोंद विद्यार्थ्यांच्या हाती पडली, तर पुढील प्रयोगाचा विषय गावाच्या गरजेतून निघेल.