शेगावची केसगळती आणि आशाताईंचं मोबाईल प्रशिक्षण: अडचण नेमकी कुठे आहे?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांची नावं अचानक देशभरातल्या बातम्यांत झळकली. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाल्याची नोंद झाली. त्यात कॉलेजला जाणाऱ्या मुलीही होत्या.

आरोग्य विभागाची पथकं गावात आली. पाण्याचे आणि त्वचेचे नमुने गेले. आयसीएमआरचे तज्ज्ञही आले. पण या सगळ्याआधी व्हॉट्सॲपवर ‘टक्कल व्हायरस’ पोहोचला होता. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला, कुणी बुरशीला. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः केलेल्या तपासणीच्या आधारे वेगळंच कारण मांडलं: रेशनच्या गव्हातलं जास्तीचं सेलेनियम.

कारणाची चर्चा भरपूर झाली. एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला. गावात असं काही विचित्र घडलं तर लोक आशाताईंना विचारतात. मग आशाताईंनी कुणाला विचारायचं?

आशाताई शिकतात कशा?

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ हे पद आलं. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा, ती त्याच गावातली. तिचं मूळ प्रशिक्षण वर्गात बसून, टप्प्याटप्प्यानं होतं. पण वर्ग संपतो आणि काम वाढतच जातं.

म्हणून मोबाईल आला. कोरोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये, केंद्रानं आघाडीवरच्या कर्मचाऱ्यांसाठी आयगॉट हे ऑनलाइन व्यासपीठ सुरू केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात ‘मोबाईल अकॅडमी’ सुरू झाली. यात ॲप लागत नाही. फोन लावायचा, धडा ऐकायचा आणि प्रश्नांची उत्तरं बटण दाबून द्यायची. साधा फोन चालतो आणि पैसेही लागत नाहीत.

मग हे चांगलंच नाही का?

बऱ्याच अंशी आहे. आशांचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात कामागणिक मिळणाऱ्या मोबदल्यावर अवलंबून असतं. त्यामुळे गाव सोडून प्रशिक्षणाला जाणं त्यांना परवडत नाही.

आफ्रिकेतही हीच अडचण होती. केनियात नर्सना पुढचं शिक्षण हवं होतं, पण वॉर्ड रिकामा टाकून कॉलेजात जाणार कोण? तिथल्या नर्सिंग कौन्सिलनं अॅम्रेफ या संस्थेसोबत २००५ पासून नोकरी सांभाळून ई-लर्निंगनं शिकण्याची सोय केली. मात्र प्रात्यक्षिकं दवाखान्यातच ठेवली, ती स्क्रीनवर ढकलली नाहीत.

अडचण कुठे येते?

पहिली अडचण हाताच्या कौशल्याची. नवजात बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा. हे वाक्य फोनवर ऐकून पाठ होतं. पण रडणाऱ्या, हलणाऱ्या बाळाचा श्वास मोजणं शेजारी कुणीतरी बसूनच शिकवावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना असं तयार केलं. ‘द लॅन्सेट’मध्ये १९९९ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. तिथं प्रशिक्षणाइतकाच भर नियमित देखरेखीवर होता.

दुसरी अडचण वेळेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा ऑनलाइन कामांची सक्ती नको, हीही त्यांची मागणी होती. ज्या फोनवर माहिती भरून दमायचं त्याच फोनवर रात्री शिकायचं, तर ते शिक्षण वाटत नाही, आणखी एक बोजा वाटतो.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी. रेकॉर्ड केलेला धडा बोलतो, ऐकत नाही. तीन दिवसांत टक्कल पडण्याचा आजार कुठल्याच धड्यात नव्हता, असूही शकत नव्हता.

ऐकणारं शिक्षण कसं असतं?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. दूरच्या खेड्यांतले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर येतात, आपल्याकडचा अवघड रुग्ण सांगतात आणि तज्ज्ञांसह सगळे त्यावर बोलतात. हिपॅटायटिस सीचे रुग्ण अशा खेड्यातल्या दवाखान्यांतही विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच बरे होतात, असं २०११ च्या अभ्यासात दिसलं. २०१५ मध्ये नामिबियानं हीच पद्धत एचआयव्हीच्या उपचारांसाठी वापरली.

आपल्याकडे ‘ई-संजीवनी’मुळे उपकेंद्रातून डॉक्टरशी बोलता येतं. पण तिचा उद्देश समोरच्या रुग्णाला सल्ला मिळवून देण्याचा आहे, आशांना शिकवण्याचा नाही.

खालून वर जाणाऱ्या ज्ञानाची किंमत महाराष्ट्राला नवी नाही. शेगावच्या गव्हाकडे बोट दाखवणारे डॉ. बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी केलेली निरीक्षणं १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापली. पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापरानं तिथले विंचूदंशाचे मृत्यू कमालीचे घटले.

काय करता येईल?

आठवड्यातून एक तास तालुक्याच्या डॉक्टरांनी मराठीत आशांशी बोलायचं. पहिला अर्धा तास आशांच्या प्रश्नांचा, धडा नंतर. आणि त्या तासाचा मोबदला आशांना द्यायचा. यासाठी नवं ॲप लागत नाही. हातात असलेला फोन पुरतो, फक्त पलीकडे ऐकणारं कुणीतरी हवं. तशी सोय असेल तर पुढच्या वेळी गावात काही विचित्र घडल्याची बातमी व्हॉट्सॲपच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचू शकेल.