शब्द बदलला, क्रियापद तेंच

सन २०१५ च्या डिसेंबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरून ‘विकलांग’ या शब्दाऐवजीं ‘दिव्यांग’ म्हणावें अशी सूचना केली, आणि आमच्या अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित वर्गानें ती इतक्या तत्परतेनें उचलली कीं, आतां सभेंत ‘अपंग’ शब्द उच्चारणारास चार सभ्य गृहस्थ लगेच थांबवितात. हेच गृहस्थ सभा आटोपून बाहेर पडले म्हणजे दारांतील कुबडीवाल्यास ‘ए लंगड्या, सरक जरा’ म्हणावयास कचरत नाहींत!

नवा शब्द आम्हांस पसंत आहे असें नाहीं. कित्येक अपंगांनीं व त्यांच्या संघटनांनीं तो नको म्हणून त्याच वेळीं कळविलें होतें. ज्यांचा मान राखावयाचा त्यांनाच विचारावयाचें नाहीं, हा शिष्टाचार मोठा अजब खरा. पण नामाचा वाद तूर्त राहूं द्या. मराठींत मान नामांत राहत नाहीं. तो सर्वनामांत व क्रियापदांत राहतो. ‘आला’ आणि ‘आले’ यांतील काना-मात्रेच्या फरकांत मनुष्याची सारी प्रतिष्ठा सांठविलेली असते. पन्नाशी उलटलेल्या दृष्टिहीन गृहस्थांविषयीं आम्ही काय बोलतों? ‘तो आंधळा आला’; आणि त्याहून वाईट म्हणजे ‘तें आंधळें आलें’. हें नपुंसकलिंग आपण एरव्हीं तान्हें मूल व जनावर यांसाठीं राखून ठेवतों. मनुष्य कमावता असो, नातवंडांचा आजा असो, एक इंद्रिय गेलें कीं त्याचें लिंगही जातें व वयही जातें.

दुकानांतली तऱ्हा निराळी. चाकाच्या खुर्चीवरील बाई पातळाचा भाव विचारतात, आणि दुकानदार उत्तर देतो तें खुर्ची ढकलणाऱ्या भाच्यास: ‘यांना रंग कोणता पाहिजे?’ जणूं पाय गेले म्हणजे जीभही गेली!

वऱ्हाडास हा मान ठाऊकच नाहीं असें कोण म्हणेल? लोणी-टाकळीस १८८१ सालीं जन्मलेले, तान्हेपणींच दृष्टि गेलेले, अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यांत शंभरांहून अधिक ग्रंथ रचणारे गुलाबराव महाराज यांस आम्ही ‘प्रज्ञाचक्षु’ म्हणतों, व तें योग्यच आहे. परंतु त्यांच्याच तसबिरीखालीं बसून दुसऱ्यास ‘आंधळ्या, ऊठ’ म्हणतांना आम्हांस कांहींच विसंगति वाटत नाहीं. अलौकिक असाल तर महाराज, नसाल तर आंधळ्या. मधल्या साध्या ‘अहो’ला जागाच नाहीं. ‘दिव्यांग’ शब्दाची खरी खोड हीच. तो मनुष्यास देव्हाऱ्यांत बसवितो, शेजारीं बसवीत नाहीं.

२०१६ च्या कायद्याचें ९२ वें कलम लोकांसमक्ष हेतुपुरस्सर अपमान करणारास सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद सांगतें. कलम चांगलें आहे. पण आमचा अपमान हेतूचा नसतो, संवयीचा असतो.

अचलपुराजवळ वझ्झर येथें शंकरबाबा पापळकर यांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलांस आश्रय दिला, व बाप म्हणून आपलें नांव दिलें. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्याच वर्षीं तेथें वाढलेल्या एक दृष्टिहीन बाई लोकसेवा आयोगाची लिपिकपदाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. वर्तमानपत्रांनीं कौतुक केलें. कौतुकास पैसे पडत नाहींत. आमचा प्रश्न एवढाच कीं, त्या मेजाशीं बसल्या असतां कागद घेऊन आलेला अर्जदार ‘बाई, हा माझा अर्ज’ असें त्यांसच म्हणेल, कीं शेजारच्या कारकुनाकडे वळून ‘यांना जरा सांगा हो’ म्हणेल?