अढींतील बीज

आंबा झाडावर पिकतो, तसा अढींतहि पिकतो. मात्र अढी वेळेआधीं उकलली, तर फळ कच्चें निघतें आणि दोष फळाला दिला जातो. मानवी स्त्रीबीजाच्या बाबतींत शास्त्रज्ञांची कांहींशी अशीच फसगत झाली होती.

स्त्रीच्या बीजकोशांतील बीजें तिच्या जन्मापूर्वींच निर्माण होऊन अपक्व स्थितींत थांबलेलीं असतात. दरमहा मस्तकांतील ग्रंथीचा संदेश मिळाला म्हणजे त्यांपैकीं बहुधा एकच पक्व होतें. ग्रेगरी पिंकस या अमेरिकन शास्त्रज्ञांस १९३५ सालीं असें आढळलें कीं, सशाचें बीज कोशाबाहेर काढून पोषक द्रवांत ठेविल्यास तेथेंहि पक्व होऊं लागतें. मानवी बीजास बारा तास पुरतात, असें त्यांनीं पुढें लिहिलें.

इंग्लंडांत रॉबर्ट एडवर्ड्स यांनीं शस्त्रक्रियेंत काढलेल्या बीजकोशांच्या तुकड्यांवर हाच प्रयोग केला. बारा तास लोटले, तरी बीज जसेंच्या तसें! अखेर त्यांनीं थांबण्याचा अवधि वाढविला, तेव्हां उलगडा झाला. मानवी बीजास पक्व होण्यास सुमारें छत्तीस तास लागतात, हें १९६५ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलें. पुढें १९९१ सालीं दक्षिण कोरियांतून अशा बीजापासून झालेल्या जन्माची वार्ता आली.

या पद्धतीचा खरा उपयोग कोणास? नेहमींच्या नलिका-फलनांत बीजें वाढविण्यासाठीं कित्येक दिवस इंजेक्शनें घ्यावीं लागतात. ज्यांच्या बीजकोशांत अनेक पुटिका असतात, अशा स्त्रियांच्या पोटांत त्यामुळें पाणी सांचून क्वचित् जिवावरहि बेततें. अपक्व बीजें काढून प्रयोगशाळेंत पिकविल्यास तीं इंजेक्शनें फार थोडीं लागतात, किंवा लागतहि नाहींत. कर्करोगावरील उपचार तांतडीनें सुरू करावयाचे असतील, तेव्हांहि हा मार्ग उपयोगी पडतो. यशाचें प्रमाण मात्र नेहमींच्या पद्धतीहून सामान्यतः कमी असतें, हें आधींच जाणून घ्यावें.

मूल व्हावें म्हणून सुनेनें वाटेल तें सोसावें, अशी समजूत सुशिक्षित घरांतूनहि अद्यापि आढळते. पतीची तपासणी मागें पडते आणि बोल तिलाच लागतो. उपचाराचा निर्णय करतांना यश किती, एवढेंच न विचारतां तिच्या प्रकृतीस धोका किती, हेंहि विचारावें. आणि तो प्रश्न तिच्या पतीनें प्रथम विचारावा.